बटणाशेजारचं फूल

टेलरमास्तरांची ताई जाऊन चाळीस दिवस झाले, पण मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर कसला, आतून लाकूड झालं होतं. बाह्या जोडत होते, काजं करत होते, समोर येईल ते जेवत होते. मीठ पडलंय की राहिलंय, कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

ताईला देवाने एक नाद दिला होता. पाण्याच्या टाकीमागच्या उतारावरची बारा रानफुलं हेरायची, एकेका फुलापाशी बरोब्बर दहा मिनिटं बसायचं आणि त्यावर जो कुणी येईल, मग तो भुंगा असो की साधी माशी, त्याचा फोटो काढायचा. कुणीच आलं नाही तर रिकाम्या फुलाचा. वर्षातून अशा चार फेऱ्या. किडा केवढा ते कळावं म्हणून शेजारी शर्टाचं पांढरं बटण ठेवायची. बटणं अर्थात मास्तरांच्या डब्यातली. "तुझ्या पाहुण्यांपायी माझी गिऱ्हाइकं उघड्या छातीने हिंडतील," असं ते कुरकुरायचे, आणि वर आणखी दोन काढून द्यायचे.

आठ वर्षं झाली. नवव्या वर्षाची शेवटची फेरी तेवढी राहिली, आणि सोमवारी त्या उतारावर सिमेंट पडणार असं ठरलं. ताईच्या नोंदी सांभाळणाऱ्या कॉलेजच्या बाई शनिवारी दुकानात आल्या.

"मास्तर, ही फेरी बुडाली तर तिचं सगळं वर्ष बाद. माझे गुडघे वाकत नाहीत. मी घड्याळ बघते, कॅमेऱ्यामागे तुम्ही बसा."

"मला फुलांतलं काय कळतं, बाई?"

"कळायचं काहीच नाही. हात लावायचा नाही, एवढंच. हाताला आवर घालता येतो ना?"

मास्तरांनी सुई सुयांच्या गादीत खोचली आणि चपला घातल्या. नको म्हणायलाही मन जागं असावं लागतं.

रविवारी सकाळी बाई घडीच्या स्टुलावर ताईची वही घेऊन बसल्या आणि मास्तर गवतात. पहिल्या फुलावर मुंग्या आल्या. दुसऱ्यावर एक मधमाशी आली, पायांना पिवळी पूड माखून गेली. तिसऱ्या-चौथ्यावर बारक्या माश्या. मास्तर बटण ठेवत, श्वास धरत, कळ दाबत. कपड्याचं माप घ्यावं तसं, चेहऱ्याकडे न बघता.

पाचवं फूल जांभळं होतं. त्याच्या पाकळीपासून शेजारच्या गवतापर्यंत एक धागा लोंबत होता. तिथेच घात झाला. पस्तीस वर्षं ज्याने लोंबता धागा तोडल्याशिवाय एक कपडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही, त्याचा हात विचारून थोडाच जातो? चिमूट गेली, धागा तुटला. पाकळीखालचा फिकट कोळी टुपकन गवतात पडला आणि दिसेनासा झाला.

फूल आता अगदी स्वच्छ दिसत होतं.

"आलं का कुणी?" बाईंनी विचारलं. तेवढ्या अंतरावरून त्यांना काही दिसलं नव्हतं.

नाही म्हटलं असतं तर पुरलं असतं. मास्तर बोटाकडे बघत राहिले. मग सपाट आवाजात म्हणाले, "बाई, मी धागा तोडला. खाली कोळी होता, तो गेला. झालं का वर्ष बाद?"

 बाईंनी ताईच्या वहीची पानं मागे उलटली आणि वही मास्तरांपुढे धरली.

तिसरं वर्ष. ताईचं ठेंगणं अक्षर. 'फूल सातवं. मास्तर सोबत. कोळ्याचा धागा तोडला. बोलला नाही, पण बोटाला चिकटलेला दिसला. कोळी मोजू नये.'

सहावं वर्ष. 'फूल दुसरं. मास्तर. पुन्हा धागा.'

मास्तरांना दोन्ही सकाळी आठवत होत्या. तिने पाहिलं नाही अशीच त्यांची आजवर समजूत होती.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"बोलली असती तर तुम्ही यायचं थांबला असता. चूक लिहून ठेवली की नोंद चालते, मास्तर. लपवली तर बाद."

"मग लिहा."

"तुम्हीच लिहा. धागा तुम्ही तोडलात."

खडूने कापडावर रेघ ओढावी तसं जपून त्यांनी लिहिलं, 'फूल पाचवं. मास्तरने कोळ्याचा धागा तोडला.' थोडं थांबून पुढे एक शब्द घातला, 'सांगितलं.'

उरलेली फुलं नीट झाली. बाराव्यावर कुणीच आलं नाही. मास्तरांनी रिकाम्या फुलाचा फोटो काढला. बाईंनी वेळ लिहिली, वही मिटली.

"झाली फेरी. उठा."

"हो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. बाईंनी स्टूल मिटलं, काखेत मारलं आणि उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले.

"अहो, बटण राहिलं तिथे."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "उद्यापर्यंत कुणी आलंच तर माप असू दे."