आठवडे बाजारांचा तक्ता

"शुभे, माझे कंस कुठं गेले?"

गुरुवारी सकाळी साडेदहाला बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर होते. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडला होता आणि समोर चार मुली ओळखपत्रं हातात धरून उभ्या होत्या.

"कसले कंस?"

"आपल्या तक्त्यातले. कंस, मधल्या दांड्या, एक बी दिसत नाय. नुसता तक्ता दिसतोय, छापल्यासारखा."

"तिथेच असतील बाबा. नीट बघा ना."

"बघतोय की. चष्मा दोनदा पुसला."

"मी करते तुम्हाला नंतर फोन."

मी नंतर फोन केला नाही.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते, लेथ मशिनवर लोखंडी भाग कातायचे. निवृत्तीनंतर ते दिवसदिवस खिडकीशी बसून राहायला लागले, तेव्हा मीच त्यांना विकी दाखवला. वाचणाऱ्यांनीच लिहायचा, वाचणाऱ्यांनीच दुरुस्त करायचा असा तो ज्ञानकोश. बाबांनी त्यात एकच काम हाती घेतलं आणि सहा वर्षं सोडलं नाही: नाशिक जिल्ह्यातल्या आठवडे बाजारांचा तक्ता. कोणत्या गावाला कोणत्या वारी बाजार भरतो, कुठे भरतो, काय जास्त येतं. ऐकीव माहिती ते लिहीत नसत. सकाळच्या एसटीने जायचं, दोन-तीन विक्रेत्यांना विचारायचं, एखाद्या बाईकडून वाटाभर वाल घ्यायचे आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचं.

विकीवर तक्ता लिहायचा म्हणजे खुणा घालाव्या लागत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी दांडी, दोन रकान्यांमध्ये दोन दांड्या, गावाच्या नावाला दोन्ही बाजूंनी दुहेरी चौकोनी कंस. एखादी दांडी सुटली की सगळा तक्ता कलंडायचा. इतरांना याचा वैताग यायचा, बाबांना तेच आवडायचं. "हे लेथसारखं हाय," ते म्हणायचे. "माप चुकलं की काम सोताच सांगतं." या सगळ्या खुणा त्यांनी शंभर पानी वहीत सुबक अक्षरात उतरवून ठेवल्या होत्या.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. विकीवर लिहिणारे एकमेकांशी जिथे बोलतात त्या पानाला चावडी म्हणतात. तिथे मी नव्या सोयींची सूचना वाचली होती. आता खुणांची गरज नाही, पान जसं दिसतं तसंच लिहिता येतं, एक बटण दाबलं की नवी ओळ जोडली जाते. बाबांना पडद्याला नाक लावून दांड्या मोजताना मी पाहत होते. ते कोथिंबीर आणायला खाली गेले, तेवढ्यात मी त्यांच्या खात्यातल्या पसंतीच्या पानावर, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन नव्या सोयीसमोरच्या चौकटीत बरोबरची खूण केली. ते परत आले तोवर पोहे झाले होते. मग पाणी कमी दाबाने येतं, यावर बोलणं निघालं आणि सांगायचं राहिलं.

गुरुवारी दुपारी डबा खाताना मला चौकटीतली ती खूण आठवली. फोन उचलला आणि परत ठेवला. संध्याकाळी जाणारच होते.

मी गेले तेव्हा बाबा कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर काहीतरी लिहीत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला नुसत्या डोळ्यांनी आत बोलावलं. "दुपारी जेवले नाहीत," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून असंच चाललंय."

मी बाबांजवळ जाऊन बसले. "काय लिहिताय?"

"कारखान्यातल्या आमच्या शॉपमधली माणसं. मशिन नंबरापरमाणं." त्यांनी पेन्सिलीने एकेका नावावर ठोका दिला. "सतरा आठवली. अठराला कोण व्हतं, ते येत नाय."

"कशाला आठवताय पण?"

त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. सकाळी त्यांनी एका पाड्याच्या बाजाराची ओळ सवयीप्रमाणे दांड्या आणि कंस घालून लिहिली होती. त्या खुणा तशाच्या तशा पानावर उमटल्या आणि तक्त्याच्या मधोमध एक विद्रूप ओळ तयार झाली. अर्ध्या तासात हर्षल नावाच्या नाशिकरोडच्या एका संपादकाने ती उलटवली आणि खाली लिहिलं: काका, तक्ता बिघडला होता, आधीसारखा केला आहे.

"सहा वर्षांत पयल्यांदा माझं काम उलटवलं कुणी," बाबा म्हणाले. "पोरगा चांगला हाय. त्याचं बरोबरच हाय."

"एवढं काय त्यात, बाबा."

"आबाचं असंच सुरू झालं व्हतं. आधी त्याला घड्याळ कळंना."

चिमाजी आबा हे बाबांचे थोरले भाऊ. देवळ्याला असायचे. शेवटची चार वर्षं त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. बाबा दर महिन्याला जाऊन त्यांची दाढी करून यायचे. एकदा आबांनी त्यांना न्हावी समजून 'घरी बायकापोरं बरी हायेत ना?' असं विचारलं होतं. परतीच्या गाडीत बाबा शेजारच्या माणसाला हे हसून सांगत होते. मी मागच्या बाकावर होते.

"शुभे, खरं सांग," बाबा म्हणाले. "कुणी हात तर लावला नसंल ना ह्याला?"

इथे मला गोटीरामचं सांगायला हवं. गोटीराम बाबांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. एकदा त्याने बाबांनी लेथवर माप जुळवून बांधून ठेवलेलं काम न विचारता सैल केलं, मदत म्हणून. आठ महिने बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. दोघं एकाच बसने येत-जात होते. 'दुसऱ्याच्या मशिनला हात लावायचा नाही', हे आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत होते.

"कोण लावणार?" मी म्हटलं. "दमला असाल तुम्ही. उन्हात फिरता. उद्या बघू."

त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल पुन्हा उचलली. मग आईने पानं घेतली. बाबा हात धुवायला गेले, तेवढ्यात मी पसंतीच्या पानावर जाऊन ती खूण काढून टाकली. सकाळी उघडतील तेव्हा सगळं पहिल्यासारखं असेल आणि विषय संपेल, असं मला वाटलं. मी चांगली पोटभर जेवले. भरल्या वांग्यांची भाजी होती. बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "तुझी बस जाईल."

शुक्रवारी सकाळी काय झालं ते आईने सांगितलं. आठ वाजता त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि तिला हाक मारली. "हे बघ विमल, समदे कंस हायेत. म्हंजे काल बी व्हतेच. मलाच दिसले नाय." मग बराच वेळ दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. कॉम्प्युटर बंद केला, त्यावर नेहमीचं फडकं घातलं आणि म्हणाले, "जरा पडतो." ती चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

दहाव्याला देवळ्याहून माणसं आली. गोदावरीवरचे विधी आटोपून सगळे घरी आले, जेवणं झाली. पुरुषमाणसं गच्चीवर गेली आणि बायका पुढच्या खोलीत टेकल्या. आबांची बायको, नवसाबाई, म्हणजे आमची मोठी आई, भिंतीला पाठ लावून बसली होती.

"शेवटी शेवटी ह्यांचंही आबांसारखंच व्हायला लागलं होतं," आई तिला सांगत होती. "समोरचं दिसायचं नाही. एक नाव आठवायला दिवसभर बसले होते."

"एका आईची लेकरं. आमच्या ह्यांचं बी घड्याळापासून सुरू झालं," मोठी आई म्हणाली. "बरं झालं विमल, भाऊजी लवकर सुटले. मी चार वर्षं काढली ना. माझं मला ठाऊक."

शेजारच्या बाईने जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली. "एवढा हुशार माणूस," ती म्हणाली.

मी आतल्या खोलीत गेले. फडकं काढून कॉम्प्युटर लावला. बाबांचं खातं उघडंच होतं. चावडीवर त्यांचा शेवटचा मजकूर होता, शुक्रवार, सकाळी आठ बावीस.

"माझ्याकडून तक्त्यात चुका होऊ लागल्या आहेत. समोर असते ते दिसत नाही. वय झाले. यापुढे कोणी जाणकाराने तक्ता सांभाळावा ही विनंती. सुरगाण्याकडची तेरा गावे राहिली आहेत. — सहादू."

खाली हर्षलचं उत्तर होतं. नऊ वाजून दहा मिनिटांचं.

"काका, तुमची काहीच चूक नाही. मला काल कळायला हवं होतं. नवी सोय चालू झाली की खुणा दिसत नाहीत. पसंतीच्या पानावर चौकटीत खूण केलेली असेल, ती काढा. माझंही असंच झालं होतं, मी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. तेरा गावं तुम्हीच करा."

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी रिक्षात होते, आईचा फोन आल्यावर घरी निघालेली.

कीबोर्डखाली कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलं होतं. मी ते उलगडलं. सतरा नावांखाली अठरावं नाव होतं. धनराज. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: डावखुरा, पुढे काम सोडून गावी गेला.

बाहेर मोठी आई आबांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती आणि आई मान हलवत ऐकत होती. तिच्या मांडीवरच्या ताटात उरलेला भात होता, कावळ्यांना टाकायचा. मी पान हातात घेऊन दारात उभी राहिले. मोठी आई बोलायची थांबली.

"काय गं?" आई म्हणाली.

"बाबा काही विसरत नव्हते," मी म्हटलं. "आई, मोठी आई, तुम्ही दोघी ऐका. ते कंस खरंच दिसत नव्हते. मी त्यांना न विचारता ते बदललं होतं, आणि गुरुवारी संध्याकाळी गुपचूप परत पहिल्यासारखं केलं. कुणी हात लावला का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी लावला होता."