कोठीतली शारदा

"रावण धर. दोन्ही हातानं धर. गेल्या साली त्याची मिशी तुह्याच हातून मोडली," शिडीवरून भगवंतराव म्हणाले.

"मी नाई मोडली, बाबा. डोमाजीकाकानं शिंकून उडवली." जयवंताने खालून हात वर केले आणि धुरकटलेला रावण अलगद छातीशी घेतला. "कित्ती जड झाला हा! खाऊन राह्यला का काय आढ्यावर बसून?"

"धूर खाते तो. म्हणून तं कीड लागत नाई त्याले."

इचोड्याच्या रस्त्यालगत भगवंतरावांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे घर. दिवसभर गूळ, मीठ, मिरची तोलणाऱ्या या माणसाला एकच नाद होता, दंडारीची सोंगं करण्याचा. दिवाळीनंतर गावात नाचगाण्याची दंडार उभी राहायची, तिच्यातल्या देवादैत्यांचे सगळे मुखवटे त्यांच्या हातचे. वर्षभर ते चुलीवरच्या आढ्याला टांगलेले असत. यंदा मात्र कवेलू काढून घरावर टिनं घालायची होती. कामकरी उद्या येणार होते. मोकळ्या आढ्याखाली सोंगं ठेवायची नाहीत, म्हणून बापलेक ती उतरवून माजघरातल्या धान्याच्या मातीच्या कोठीत भरत होते. कोठी रिकामीच होती. जयवंता दिवाळीला तलमडुगुहून माहेरी आली होती, तिचा हात लागत होता.

"डोमाजीकाका येतीन नं यंदा?"

"येईन. पैनगंगेपल्याडचा आहे तो, त्याचं गाव आता दुसऱ्या राज्यात गेलं म्हणतात. पण नदीले काय कळते? ढोपरभर पाणी आहे, धोतर वर करून येईन."

गणपती उतरला, हनुमान उतरला. शेवटचा मुखवटा मात्र भगवंतरावांनी लेकीच्या हाती दिला नाही. तो काखेत धरून ते स्वतः शिडी उतरले. ती शारदा होती. पेटीतून त्यांनी हिरव्या लुगड्याचा जुना, मऊ तुकडा काढला आणि मुखवटा त्यात गुंडाळला. लुगडं कोणाचं होतं ते जयवंताने ओळखलं.

"हे तळाशी ठिवतो. वरचं कोणाच्याबी हाती लागते. तळातलं सुखरूप राह्यते."

मग त्यावर रावण, हनुमान, सगळ्यांवर गणपती. कोठीला झाकण बसलं. शेजारच्या रांजणातून गडूभर पाणी घेऊन भगवंतराव घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "चाल, भाकर टाक."

त्या घरात जयवंताच्या मायचा, तुळजाबाईंचा, फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हणजे चांद्याला नाहीतर हैदराबादला जाणं आलं, आणि तुळजाबाई उटनूरपलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पटकीच्या साथीत त्या गेल्या तेव्हा जयवंता परकरात होती. पुढच्या वर्षी निजामाचं राज्य गेलं. कचेरीतले उर्दू कागद रद्दीत निघाले, गावोगावच्या दुकानदारांनी ते पुड्या बांधायला घेतले. भगवंतरावांनीही घेतले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते दुपारी दुकान लोटून परसात बसत. ते कागद भिजवत, मेथीचं पीठ आणि चिंचोक्याची खळ घालून कुटत, मातीच्या साच्यावर थरावर थर लिंपत. रंग वाळला त्या दिवशी जयवंता मागच्या दाराच्या उंबरठ्यावर उभी होती. तिने मुखवटा पाहिला आणि दाराची चौकट घट्ट धरली. डावी भुवई जराशी वर, जेवलीस का म्हणून माय विचारायची तशी.

डोमाजी शारदेचं सोंग घ्यायचा. तो पहिल्यांदा ती तोंडावर चढवताना म्हणाला होता, "शेठ, देवीचं नाक कसं धारदार पाह्यजे! हे तं पंगतीत वाढणाऱ्या बाईचं नाक वाटते."

"ज्याचं त्याचं नाक," भगवंतराव म्हणाले होते, आणि हसले होते.

त्यानंतर दरवर्षी बत्तीच्या उजेडात गणपतीमागून शारदा यायची, घडीभर नाचायची, बाया पदर पसरून पाया पडायच्या. बापलेक एका बाजूला उभे असत. एकमेकांकडे बघत नसत.

टिनं चढली. घर एकाएकी उजेडाचं आणि आवाजाचं झालं, वर कावळा चालला तरी कळायचं. रांजण मात्र दोनदा भरूनही सकाळी निम्मा.

"एवढं पाणी पेते कोण?" जयवंता म्हणाली.

"कामकरी पेले असतीन. टिनं तापतात नं."

काम आटोपल्यावर तिने अंगण सारवलं, आढ्याला नवे दोर बांधले आणि कोठीचं झाकण काढलं. गणपती कोरडा ठणठणीत. हनुमान ठीक. रावणाचा मुकुट खालच्या कडेला मऊ लागला. तिने घाईने हात तळाशी घातला, आणि बोटं कशात तरी रुतली. ओल्या कणकेत रुतावी तशी.

"बाबा!"

आवाज असा निघाला की भगवंतराव तराजू तसाच टाकून आले.

तिने वर ओढलं ते फक्त लुगडं होतं. हिरव्या कापडावर शारदेचे डोळे उमटले होते, काळे, लांबट, दोन्ही जागच्या जागी. चेहरा खालीच राहिला होता. ओंजळीत धरून भगवंतरावांनी तो बाहेर काढून पाटावर ठेवला. गाल घसरले होते. हनुवटी नव्हती. कपाळाचा रंग धुऊन गेला होता, आणि तिथे आतल्या कागदावरच्या उर्दू ओळी वर आल्या होत्या, कुठल्याशा शेताच्या, कुठल्याशा साऱ्याच्या.

भगवंतरावांनी रांजणाच्या बुडाशी हात फिरवला. केसाएवढी चीर होती. जमिनीचा उतार कोठीकडे. पाणी सारवणाखालून मुकाट गेलं होतं, आणि कोठीची माती ते पीत बसली होती.

"पाणी," ते म्हणाले.

दुकानात कोणी हाक मारली. ते गेले. तहसिलीत नव्या आलेल्या शिपायाची बायको होती, तेलुगु बोलणारी. "बेल्लम," ती म्हणाली. गुळाला बेल्लम म्हणतात हे त्यांना पोरवयापासून ठाऊक होतं. त्यांनी तिला मीठ बांधून दिलं. ती "काका, काका" करत राहिली, ते भिंतीकडे बघत राहिले. शेवटी जयवंताने येऊन गूळ तोलला.

दुसऱ्या दिवशी डोमाजी नदी ओलांडून आला.

"राम राम शेठ! आमी आता मुंबई राज्याचे बरं का! जागचे हाललो नाई, अन् मुंबईले पोचलो! चहा जरा शहरी पाजजा..." त्याची नजर पाटावर गेली. त्याने पागोटं काढून हातात घेतलं. "हे काय झालं, बाप्पा?"

"रांजण झिरपला," जयवंता म्हणाली.

"दुसरी करू, शेठ. साचा तं असन?"

"देवीचा साचा घरात ठिवत नाई, डोमाजी. त्याच दिवशी ओढ्यात शिरवला मी. मातीची माती झाली."

डोमाजीने पागोट्याचा पीळ चाचपला. "मंग यंदा गणपतीवरच भागवू. लोक समजून घेतीन."

"नाई. शारदा येईन."

दुपारी भगवंतरावांनी ओढ्यावरून माती आणली, परसात पाट मांडला आणि बसले. कपाळ झालं. हनुवटी झाली. डावी भुवई त्यांनी जराशी वर घेतली. मग नाक. केलं, मोडलं. पुन्हा केलं, पुन्हा मोडलं. बोटं ओली करून ते वर बघायचे, लेकीच्या तोंडाकडे, आणि लगेच खाली. तिथे काही सापडण्यासारखं नव्हतं. जयवंता त्यांच्याच वळणावर गेली होती. त्यांचे हात हळूहळू सवयीच्या वाटेने जाऊ लागले. नाक सरळ होत गेलं, रेखीव होत गेलं. मातीतून देवी उमटत होती, कुठल्याही देवळातली असते तशी.

जयवंता मागच्या दाराच्या उंबरठ्यावर उभी होती. मायचा चेहरा तिला आठवत होता की इतक्या वर्षांच्या मुखवट्याचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भगवंतरावांचे हात थांबले. मातीवरून न उचलता तसेच थांबले.

"एवढं धारदार नोका करू, बाबा," ती म्हणाली. "मायचं नाक बसकं होतं."