अंबडच्या वकिलांची निळी कूपे

मित्रांनो, अंबडमध्ये एका वकिलांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं विटांच्या थरावर टेकवून ठेवलेली मी एक जुनी निळी मोटार आहे. मला दोनच दारं आहेत आणि माझा टप बुटका, मागे उतरत गेलेला आहे. अशा मोटारीला कूपे म्हणतात. माझी चाकं काढून नेली, त्याला आता पाच वर्षं होऊन गेली.

माझा जन्म विलायतेतला. ज्या कारखान्यात मी घडले तिथंच माझी थोरली बहीणही घडत असे. बाहेरून आम्ही हुबेहूब सारख्या, पण तिच्या पोटात सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि माझ्या पोटात चार. तिला पळायला जोर जास्त, म्हणून थांबायला ब्रेकही मोठे दिलेले. माझा जोर बेताचा, ब्रेकही बेताचे. घडवणाऱ्यांनी सगळं एकमेकांशी जुळवून दिलं होतं, आणि मला त्यात काही उणं वाटत नव्हतं.

माझे पहिले मालक हैदराबादचे एक जहागीरदार होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते शहर सोडून गेले आणि १९४९ साली जगन्नाथराव वकिलांनी मला अंबडला आणलं. ते दिवस फार सुखाचे होते. जगन्नाथराव रोज सकाळी गुणगुणत स्वतः मला फडक्यानं पुसत. त्यांच्या पत्नी रमाबाई दसऱ्याला माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहत. मी कोर्टापुढे उभी राहिले की पक्षकार आपला खटला विसरून माझ्याभोवती फिरत. मला वाटे, जगात माझ्यासारखी मीच.

मग एके दिवशी जालन्याच्या रस्त्यावर मागून हॉर्न वाजला. जालन्याचे कापसाचे व्यापारी गिरिधरशेट यांनी माझी थोरली बहीण विकत घेतली होती. ती आमच्या बाजूनं अशी सुटली, की तिची धूळ खाली बसेपर्यंत जगन्नाथरावांना मला कडेला उभी करावी लागली. त्या दिवसापासून ते मला पुसत, पण गुणगुणत नसत.

पुढे गिरिधरशेट स्वतःच म्हणाले, "वकीलसाब, मला आता जीप घ्यायची आहे. ही तुम्ही घेऊन टाका. बिलकुल नवी आहे."

"तयार जोर विकत घेण्यात कसली मर्दुमकी?" जगन्नाथराव हसून म्हणाले. "दसऱ्यापर्यंत थांबा. हिच्यातूनच तेवढा जोर काढून दाखवतो. जालना ते अंबड शर्यत, होऊन जाऊ द्या!"

घरी रमाबाईंनी हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "अहो, हवी तर ती घ्या, नाहीतर हीच असू द्या. हिला तिच्यासारखी करायला जाऊ नका."

जगन्नाथरावांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी मला जालन्याला कचरू मिस्त्रीच्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे स्टेशनजवळची एक टपरी, पण कचरूचा हात असा होता, की इंजिनावर नुसता तळवा ठेवून तो दुखणं ओळखायचा. त्यानं माझं इंजिन उघडलं. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले, इंजिनाचं हेड घासून घेतलं, मागची सीट काढून मला हलकी केली. महिनाभर तो माझ्यावर वाकलेला असे. मी पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा माझा आवाज ऐकून शेजारचा लोहार हातोडा टाकून बघायला आला. मलाही अभिमान वाटला, मित्रांनो. ते खोटं कशाला सांगू?

पण रस्त्यावर जाऊन येताच माझ्या लक्षात आलं, की मी पळते आहे आणि मला थांबता येत नाही. कचरूच्याही ते लक्षात आलं. दसऱ्याच्या आधी तो बसनं अंबडला आला आणि आमच्या अंगणात उभा राहिला.

"साहेब, जोर वाढला, पर ब्रेक जुनेच हायेत. मोठे ब्रेक मुंबईहून मागवून राह्यलो. महिनाभर लागंल. तवर जोरात हाणू नका."

"महिनाभर? परवा दसरा आहे, कचरू."

"दसरा पुढल्या सालीबी येतो, साहेब. म्या हात जोडतो."

"तुला एवढी भीती वाटते तर तू बस माझ्या शेजारी," जगन्नाथराव म्हणाले.

रमाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. कचरूनं मान खाली घातली आणि म्हणाला, "बसतो. म्या बनवली, तर म्याच बसतो."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही जालन्याहून सुटलो. गिरिधरशेट चालवत असलेली थोरली बहीण मागे पडली. जगन्नाथराव मोठ्यानं ओरडले, आनंदानं. वाटेत एका ओढ्याचा उतार लागतो. त्या उतारावर डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई शेळीला ओढत रस्ता ओलांडत होती.

"साहेब, ब्रेक!" कचरू किंचाळला.

जगन्नाथरावांनी पाय दाबला. मी जीव एकवटून चाकं धरायचा प्रयत्न केला. ब्रेक तापले, जळाल्याचा वास सुटला आणि चाकं माझ्या ताब्यातून निसटत राहिली. मित्रांनो, आपल्याला काय होणार आहे ते दिसत असावं आणि आपलंच अंग आपलं ऐकू नये, याहून वाईट काही नाही. कचरूनं वाकून स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. बाई वाचली. मी डाव्या अंगानं बाभळीवर आदळले. दाराला धरलेला कचरूचा डावा हात पत्र्यात चेंगरला. त्या बाईनंच भारा टाकून धाव घेतली आणि पदर फाडून त्याचा हात बांधला.

मिस्त्री डावखुरा होता.

दवाखान्यात त्याची चार बोटं कापावी लागली. इकडे जमादार पंचनामा लिहायला आला. त्यानं विचारलं, "ब्रेक लागले नाहीत. काम कोणाचं?"

"कचरू मिस्त्रीचं," जगन्नाथराव म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण त्याच्यापुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मी तिथंच उभी होते, बॉनेट दुमडलेली, तेल गळत असलेली. मला सगळं माहीत होतं आणि मला एक अक्षर सांगता येत नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं, की मिस्त्रीनं ब्रेक नीट केले नाहीत.

आठवड्यानं कचरूची बायको साळूबाई आली. ती पायरीवर बसली नाही.

"बाईसाहेब, लोक आमच्या कारखान्यात गाड्या आणंनात. म्हणत्यात, ह्याच्या हातानं माणूस मरता मरता राह्यला. माझा माणूस हितं सांगायला आल्ता का न्हाई? तुमी ऐकलं का न्हाई?"

रमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते कागद चाळत होते.

"ऐकलं," रमाबाई म्हणाल्या. "मी ऐकलं, साळूबाई."

"मंग तेवढं चारचौघांत सांगा."

"मी सांगेन," रमाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी खरोखरच सांगितलं. देवळात सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, जमादाराच्या बायकोलाही सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली आणि पंचनामा होता तसाच राहिला. बाईमाणसाला तो कोणी विचारून लिहिला नव्हता.

कचरूचा कारखाना बंद पडला. तो कापसाच्या एका जिनिंग गिरणीच्या फाटकावर राखणीला बसू लागला. जगन्नाथरावांनी दिवाळीनंतर गिरिधरशेटकडून माझी थोरली बहीण घेतली. रमाबाई तिच्यात आजवर बसलेल्या नाहीत. त्या कुठं जायचं तर टांग्यानं नाहीतर बसनं जातात. मला मात्र शेडमध्ये ढकललं. कोणी चाकं नेली, कोणी दिवे. मुंबईहून आलेले मोठे ब्रेक माझ्याच पुढ्यात खोक्यात पडून आहेत. खोकं कोणी उघडलं नाही.

यंदा उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी होती. भर दुपारी जगन्नाथराव शेडमध्ये आले, माझं दार उघडून आत बसले आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून राहिले. केस पांढरे झाले आहेत त्यांचे.

"त्यानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "हात जोडले होते. मीच ऐकलं नाही." मग त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

मित्रांनो, तुमच्या हाती यंत्र आलं तर त्याच्या जोराआधी त्याचे ब्रेक बघा. त्याची काळजी घेणारा माणूस काही सांगू लागला, तर हातातलं काम ठेवून ऐका. आणि चूक झालीच, तर जिथं सांगायची तिथं सांगा. माझ्यासारख्या पत्र्याला सांगून काय उपयोग?

कचरू अजून जालन्यात आहे, त्याच फाटकावर. वकिलांच्या दारात सहा सिलिंडरची मोटार उभी असते. तिला जालन्याला पोचायला अर्धा तास पुरतो. पावसाळा सरत आला, वकीलसाहेब अजून त्या फाटकावर गेलेले नाहीत.