मागच्या उजव्या सीटवर

मीटरबाई दर रविवारी सासूबाईंच्या शोकेसमधली ढाल पुसायची. ढाल घरच्या जावयाची होती, म्हणजे तिच्या नणंदेच्या नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या गाडीचं सस्पेन्शन सर्वोत्तम ठरलं आणि मुख्य अभियंता म्हणून ढाल त्यांच्या हातात पडली. त्या सस्पेन्शनची सतराशे मापं तिने घेतली होती; त्यावरूनच ऑफिसात तिला मीटरबाई नाव पडलं. डँपरचा, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणाऱ्या नळीचा, एकेक आकडा तिचा होता. फॉर्मवर सही मात्र जावयांची, म्हणजे तिच्या साहेबांची. "घरातल्या घरात काय गं, त्यांना मिळालं काय नि तुला मिळालं काय," असं सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मीटरबाई हो म्हणाली आणि तेव्हापासून वाट पाहत होती.

आता नवी गाडी आली होती. पाचशे अश्वशक्तीची, दांडगी एसयूव्ही. स्टिअरिंगशेजारी चार बटणं: आराम, स्पोर्ट, ट्रॅक आणि चौथं मोकळं. प्रत्येक बटणामागे थ्रॉटल किती चपळ, स्टिअरिंग किती जड आणि डँपर किती कडक, हे ठरवून द्यायचं होतं. आज चार वाजता फॉर्म कारखान्यात गेला, की पुढची तीन वर्षं प्रत्येक गाडीत तेच आकडे. कंपनीच्या मालकीणबाईंनी गाडी पसंत केली की साहेब संचालक होणार होते आणि मीटरबाईची बदली तक्रार विभागात. बदलीचा कागद तिने प्रिंटरवर पडलेला पाहिला होता. म्हणजे साहेबांनी गाडी बिघडवायची आणि फोनवर शिव्या हिने खायच्या.

या वेळी तिने साहेबांना आपणहून एकही आकडा दिला नाही. साहेबांनी गुळगुळीत ट्रॅकवर एकट्याने आठ फेऱ्या मारल्या आणि मागचे डँपर कडक करत नेले. कडक म्हणजे दमदार, असा त्यांचा हिशेब. मीटिंगमध्ये तिने एकदाच आलेख समोर ठेवला. चाक उंचवट्यावर दबतं, मग त्याने परत खाली यायला हवं. डँपरने फार अडवलं तर पुढचा उंचवटा येईपर्यंत ते पूर्ण खाली आलेलं नसतं. असं दर उंचवट्याला होत गेलं, की गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबराच्या ठोकळ्यांवर आदळू लागते.

"मागे माणसं बसली, सामान भरलं, की आदळणार," ती म्हणाली.

"वहिनी," साहेब हसले. ऑफिसातही ते तिला वहिनीच म्हणत. त्यामुळे बाकीच्यांना तिची पायरी कळायची. "गाडी आकड्यांनी नाही कळत. बुडाला कळते. तेवढा सगळ्यांना चहा सांगा."

तिने चहा सांगितला. आलेख दुमडून पर्समध्ये ठेवला. आणि ठरवलं, बुडालाच कळू द्यायचं.

चाचणीच्या फॉर्ममध्ये शेवटच्या पानावर एक जुना रकाना होता. ज्याची सेटिंगवर सही, त्याने चाचणीत मागच्या उजव्या सीटवर, बरोबर चाकाच्या वर बसायचं. कंपनीच्या पहिल्या मुख्य अभियंत्यांनी घालून दिलेला नियम होता तो. साहेब तो विसरले नव्हते, पण घाबरतही नव्हते. मागच्या खेपेला ते त्या सीटवर बसले होते आणि चक्क घोरले होते. आकडे कोणाचे होते, हे मात्र ते विसरले होते. चाचणीच्या रस्त्याचा कागद तिने सहीसाठी पुढे केला, त्यावरही त्यांनी न वाचताच सही केली.

तिने निवडला होता काँक्रीटच्या लाद्यांचा जुना रस्ता. दर पाच मीटरवर वर आलेला सांधा. टेप घेऊन ती स्वतः मोजून आली होती.

दुपारी दोनला मालकीणबाई आल्या. साठीच्या, ताठ, बोलायला फटकळ. "मी चालवणार," म्हणाल्या आणि चालकाच्या सीटवर बसल्या. मीटरबाई लॅपटॉप घेऊन शेजारी. मागे डावीकडे पंचाहत्तर किलोची वाळूची पिशवी, डिकीत सामान म्हणून आणखी चार पिशव्या आणि उजवीकडे साहेब.

"पिशवीला पट्टा लावलाय," म्हातारा मेकॅनिक दारातून वाकून म्हणाला. "साहेब, तुम्हीपण लावा. ती उडणार नाही, तुमचं सांगता येत नाही."

"वस्ताद, तोंड आवरा," साहेब म्हणाले. पण पट्टा लावला.

आराम मोडवर गाडी बरी गेली. साहेबांनी मागून दोनदा सांगितलं, की हे सगळं बसवायला अंगात जाण लागते. मग लाद्या सुरू झाल्या.

"आता स्पोर्ट," मीटरबाई म्हणाली. "साठचा वेग धरा, मॅडम."

पहिले पाच सांधे काही झालं नाही. तिच्या पडद्यावरची रेघ पायरी पायरीने खाली उतरत होती आणि ती मनात मोजत होती. सहा. सात. आठव्याला मागून ठक्क असा आवाज आला. नवव्याला साहेबांचा.

"काय झालं?" मालकीणबाईंनी आरशात पाहिलं.

"काही... नाही. गाडी... जिवंत... वाटते."

"तुम्ही उड्या का मारताय पण?"

ठक्क. ठक्क. वाळूची पिशवी पट्ट्यात निमूट बसली होती. साहेबांनी एक हात छताला लावला, दुसरा कमरेला.

"वहिनी, हा रस्ता... कोणी..."

"तुमची सही आहे त्यावर, भाऊजी. अजून दोन किलोमीटर."

तिचा आवाज जराही हलला नाही. तीन वर्षांचे रविवार तिला एकेक करून आठवत होते आणि प्रत्येक सांध्याला एकेक वजा होत होता.

"ट्रॅक मोड लावून बघू का?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांचेही दात वाजत होते.

"लावा की. त्यावरही साहेबांचीच सही आहे."

"नको!" मागून आवाज आला. "नको, नको! थांबवा गाडी!"

गाडी पत्र्याच्या शेडपाशी उभी राहिली. साहेब दार धरून उतरले आणि तसेच वाकलेले राहिले. मालकीणबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"हे गिऱ्हाइकाला विकायचं? पोरंबाळं मागे बसवून?"

"वहिनींनी आधी सांगायला हवं होतं," साहेब कण्हत म्हणाले.

मीटरबाईने पर्समधून घडी केलेला आलेख काढला आणि मालकीणबाईंच्या हातात दिला. वर मीटिंगची तारीख होती. "सांगितलं होतं. साहेब म्हणाले, बुडाला कळतं."

मालकीणबाईंनी आलेख वाचला, मग चौथं बटण दाखवलं. "इथे काय आहे?"

"दाबून बघा, मॅडम."

जेवणाच्या सुट्टीत, तीन आठवडे बसून तिने त्यात आपले आकडे भरले होते. मालकीणबाई वळून त्याच लाद्यांवरून गेल्या आणि परत आल्या. उतरल्या तेव्हा कपाळावरची आठी गेली होती.

"ही मागच्या मॉडेलसारखी चालते. हुबेहूब." त्या साहेबांकडे वळल्या. "त्या मॉडेलला मिळालेली ढाल कुठे आहे हो?"

साहेब शेडच्या खांबाकडे पाहू लागले.

"माझ्या सासूबाईंच्या शोकेसमध्ये," मीटरबाई म्हणाली. "दर रविवारी मीच पुसते."

मग मालकीणबाईंनी फॉर्म बॉनेटवर ठेवला, साहेबांच्या सहीवर सरळ रेघ ओढली आणि पेन मीटरबाईपुढे धरलं. तिने सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

"नियमाप्रमाणे आता मागे कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी," म्हणत ती उजव्या दाराकडे गेली. गाडी परत आल्यावर साहेबांनी पुन्हा त्याच दाराचा आधार घेतला होता. तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला, आत बसली, दार ओढलं आणि काच खाली केली.

"भाऊजी, आम्ही येईपर्यंत तेवढा चहा सांगून ठेवा. मला साखर कमी."

गाडी निघाली. पहिला सांधा आला. एकच हेलकावा, आणि गाडी शांत. दुसरा आला. तोही तसाच. मीटरबाईने पिशवीच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि मागच्या काचेतून पाहिलं. साहेब कमरेवर हात ठेवून, वाकून, शेडमधल्या किटलीकडे चालले होते.