चुलीच्या बंगल्यातली भिंत

हनीफभाईंचा हातोडा सुरू झाल्यापासून वैष्णवीचा पाय घरात ठरत नव्हता. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून अंगणात, अंगणातून पुन्हा ओट्याशी. कुकरच्या शिट्ट्या मोजायला ती दोनदा विसरली आणि डाळीचा पार लगदा झाला.

पाडायचं चाललं होतं ते हॉलमधलं फायरप्लेस. परंड्यासारख्या उन्हाच्या गावात फायरप्लेस कशाला, असं कुणीही विचारील, आणि गाव पन्नास वर्षं तेच विचारत होतं. वैष्णवीचे सासरे बब्रुवानराव इंजिनियर. तरुणपणी सहा महिने परदेशात शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी थेट तिकडच्यासारखं घर बांधलं. सपाट छत, भिंतभर काचा, तिरक्या पायांचा सोफा, आणि समोर काळ्या दगडाची ही रुंद भिंत, तिच्यात आग पेटवायचा कोनाडा. आग पेटली ती एकदाच, वास्तुशांतीला, तीही भर मे महिन्यात. धूर वर जायचा सोडून घरात शिरला, पाहुणे डोळे चोळत अंगणात पळाले, आणि त्या दिवसापासून गावानं घराचं नाव चुलीचा बंगला ठेवलं.

काचांतून येणारा सगळा उजेड त्या काळ्या भिंतीनं गिळला होता. अकरा वर्षं वैष्णवी दुपारी चारलाच दिवे लावत होती. दगड काढायचा, भिंत सपाट करायची, वर फिकट लाकडी पट्ट्या बसवायच्या, एवढीच तिची हौस. नांदत्या घरात एक तरी गोष्ट आपल्या मनासारखी असावी, यात काय चुकलं?

चुकलं एवढंच, की तिनं सासऱ्यांना विचारलं नव्हतं. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे, सोनालीकडे गेले, आणि हिनं मिस्त्री हनीफभाईंना फोन लावला.

पण विचारायचं तरी कसं? या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मधे सासूबाई, हरणाबाई, असायच्या. "आत्या, मामांना विचारा, भाकरी वाढू का," असं वैष्णवी म्हणायची. मामा दोन हातांवर बसलेले असायचे, तरी हरणाबाई ते वाक्य जसंच्या तसं त्यांच्यापर्यंत पोचवायच्या. दीड वर्षापूर्वी हरणाबाई गेल्या आणि घरातलं टपालच बंद पडलं. तेव्हापासून वैष्णवी "चहा ठेवलाय" असं टेबलाला सांगे आणि मामा "मीठ कमी पडलं वाटतं" असं पेपरला. नवरा श्रीनाथ असल्या भानगडीत पडणारा नव्हे. "तुझं तू बघ, माझं नाव मधे घेऊ नको," म्हणून तो बँकेत निघून गेला.

पहिल्याच दिवशी हनीफभाईंनी तिला अडवलं होतं. त्यांच्या वडलांपासूनचा रिवाज होता. ज्यानं घर बांधलं तो हयात असेल, तर पाडकामाचा पहिला घाव त्याचा, किंवा तो सांगेल त्याचा.

"साहेब न्हाईत, मग त्यांनी कुणाला सांगितलंय?"

"मलाच," वैष्णवी म्हणाली. "मामांनी मलाच सांगितलंय."

मामांनी तिला आजवर थेट एक शब्द सांगितला नव्हता. तिनं डोळे मिटून हातोडा मारला, दगडाचा टवका उडाला, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नाही. मामांनी मनावर घेतलं तर? आता सोनालीकडेच राहतो म्हणाले तर? गाव तोंडात शेण घालील, ते एक वेळ सोसलं असतं. पण तिला मामा घरात हवे होते. न बोलणारे, पेपरला गाऱ्हाणी सांगणारे, पण घरात.

तिसऱ्या दिवशी दुपारी हातोड्याचा आवाज एकदम थांबला. ती धावत हॉलमध्ये आली. हनीफभाई फोनवर होते.

"सलाम साहेब. वरचं धुराचं भोक बुजवू का तसंच ठेवू, तेवढं इचारायला फोन केलता... जी, तीन दिवस झाले... सूनबाईंनीच घातला की पहिला घाव. तुमीच सांगितलं म्हनल्या... जी. जी." त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. "साहेब तुमच्याशी बोलतो म्हनायलेत."

वैष्णवीनं पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले, तेव्हा कुठं फोन घेतला.

"मी तुम्हाला परवानगी दिली म्हणं," मामा म्हणाले.

"न्हाय मामा. खोटं बोलले मी. तुम्ही नको म्हणाल म्हणून विचारलंच न्हाय."

पलीकडं मामांनी सोनालीच्या घरातला टीव्ही बंद केला. गेलं सगळं, असं तिला वाटलं.

"वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशीच पाडायची होती मला ती," मामा म्हणाले. "लई हसलं गाव. पण तुमची आत्या आडवी आली. पुढं नवरात्रात तिनं त्याच कोनाड्यात घट बसवला. एकदा घट बसल्यावर कोण हात लावतंय? ती गेली तवा वाटलं, आता पाडावी. तर तुम्ही रोज सकाळी फडकं घेऊन भिंतीपुढं."

"तुमच्यासाठी पुसायची मी, मामा."

"मला वाटलं, तुम्हाला आवडती."

"न्हाय आवडत."

"मला बी न्हाय. पन्नास वरसं तोंड करून बसलोय तिच्याकडं."

वैष्णवीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. मग तिला भयंकर लाज वाटली. या माणसानं पन्नास वर्षं मनात धरलेला घाव आपण डोळे मिटून घालून टाकला.

"मामा, पहिला घाव तुमचा होता."

"व्हय," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "किती राहिलीय?"

तिनं वळून पाहिलं. "खिडकीकडची. दीड हात असंल."

"हनीफला म्हणावं, हातोडा खाली ठेव. तेवढी माझी. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो."

"अहो मामा, डोळ्यात धूळ जाईल. डॉक्टरांनी महिनाभर जपायला सांगितलंय ना?"

"काळा चष्मा दिलाय की त्यांनी," मामा म्हणाले.