अर्ध्या दाढीवर थांबलेली लढाई

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नाही हं, सलूनची! देवळाली कॅम्पात बारकूकाकांचं दुकान आहे ना, तिथली. नाशिकरोडच्या एका वेल्डिंगवाल्यानं माझा सांगाडा जोडला, वर लाल रेक्झिन चढवलं. तेव्हा माझा काय रुबाब होता! कॅम्पातले जवान माझ्यासाठी थांबून राहायचे. "काका, या खुर्चीत डोळाच लागतो," म्हणायचे. मग एसीवाली सलूनं आली. रेक्झिन फाटलं, काकांनी चिकटपट्टी मारली. आता कोण बघतंय माझ्याकडे?

पण त्या संध्याकाळचं सांगते.

सीमेवर पेटलं होतं. आपली माणसं मारली म्हणून आपण हल्ला केला, मग तिकडून तोफा. काकांचा जावई मल्हारी तिथंच होता आणि सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. काकांची मुलगी शुभांगी बाकावर बसून डोळे पुसत सारखा नंबर फिरवत होती. टीव्ही बोंबलत होता.

माझ्यात बसला होता विश्वेश. शेजारच्या गल्लीतला, कॉलेजात जाणारा. तोंडाला फेस, तरी तोंड चालूच.

"आता थांबायचंच नाही काका. एकदाचं साफ करून टाकायचं!"

"त्यांच्याकडे पण अणुबॉम्ब आहे, राजा."

"नुसती धमकी असते ती. आपण किती वेळा बोललो? परत आपलीच माणसं मेली ना?"

हे काही खोटं नव्हतं.

"चार शहरं गेली तरी चालतील, पण..."

काकांचा हात थांबला. वस्तरा नेमका विश्वेशच्या गळ्यावर.

"चार शहरं? त्यातलं एक हे असलं तर? माझा जावई तिथं उभाय रे! आणि तू इथं बसून शहरं वाटतोयस!"

वस्तरा अजून तिथंच होता. विश्वेशनं माझे दांडे असे आवळले की मलाच कळ आली.

"काका... काका, आधी वस्तरा बाजूला घ्या. मग बोलू ना. शांतपणे बोलू."

रडता रडता शुभांगी फिस्सकन हसली. "आता कसं! बोलू म्हणतोय!"

"तायडे, गळा माझा आहे!"

"मग तिकडं कुणाचाय?"

काकांनी वस्तरा खाली घेतला. तेही घाबरले होते. विश्वेश हळूच म्हणाला, "पण जे मेले, त्यांचं काय?" काकांनी वस्तरा टॉवेलला पुसला.

तेवढ्यात टीव्हीवर आलं. दोन्हीकडचे अधिकारी फोनवर बोलले, गोळीबार थांबला. तरी कुणी हललं नाही. टीव्हीचा कसला भरवसा? मग शुभांगीचा फोन वाजला.

"अगं, मी बरा हाय." मल्हारीच! निफाडचा गडी, आवाज दुकानभर. "मामांना सांग, केस लय वाढलेत. खुर्ची मोकळी ठेवा म्हणावं."

शुभांगी अशी किंचाळली की फोन पडता पडता वाचला. काकांनी विश्वेशला दंडाला धरून उठवलं आणि स्वतः माझ्यात बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळा भार माझ्यावर टाकला आणि ढसाढसा रडले. मला तो भार हलका वाटला.

"काका, माझी अर्धी दाढी?"

"थांब रे जरा. कुठं लढाईला निघालायस?"

विश्वेशला पण हसू आलं.

मित्रांनो, राग मलाही येतो. फाटकी म्हणून लाथ मारणाऱ्याचा तर लयच येतो. पण हाणामारी उभ्यानं होते. बोलायला बसावं लागतं, आणि बसायला आम्ही लागतो. म्हणून जुन्या खुर्च्या भंगारात टाकू नका. पुसा, स्क्रू आवळा, जपा. आणि जो अजिबात आवडत नाही ना, त्याच्यासाठी पण एक ठेवा.