वाढीव पाच सेंटिमीटर

मुकुल चित्रेची आधीची गाडी काही जुनी झाली नव्हती. दोन वर्षांची होती. पण कंपनीने यंदाच्या मॉडेलमध्ये सुधारणा केल्या, आणि सुधारलेली गाडी दुसऱ्याच्या दारात उभी बघणं मुकुलला झेपणारं नव्हतं.

भांडुपच्या त्या बावीस मजली टॉवरमध्ये या सुधारणा सगळ्यांना तोंडपाठ झाल्या. पुढची जाळी मोठी झाली. समोरून बघितलं की गाडी जांभई देतेय असं वाटे. आत दिव्यांचे चौसष्ट रंग. एसीची बटणं गेली. आता पंखा कमी करायला पडद्यावर तीनदा बोट लावायचं. इंजिन इतकं शांत केलं की मालकांना करमेना, म्हणून त्याचा घुमणारा आवाज स्पीकरमधून सोडला होता.

"म्हणजे गाडी गप्प आणि रेकॉर्ड वाजते?" राजाराम परबने विचारलं.

"काका, तो एक्स्पीरियन्स असतो."

"असेल बाबा. भजनीबुवा मिळेनासे झाले तेव्हा गणपतीत आम्हीपण तेच केलं."

राजाराम मरोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. इथली चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा जुना रहिवासी म्हणून त्याला खाली मोटारीएवढी मोकळी जागा मिळाली. मोटार नव्हतीच. तिथे त्याच्या बायकोची, वनमालाची, लाल स्कूटर उभी असे. वनमाला जाऊन आठ महिने झाले होते. स्कूटर चालवायची ती. राजाराम एकोणीस वर्षं मागे बसला. चाळ हसायची, तो बसायचा. आता रोज सकाळी तो खाली येई, स्कूटर पुसून पाच मिनिटं चालू ठेवी आणि बंद करून वर जाई. चालवायला त्याला येत नव्हती.

नव्या गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. मग मुकुलने गाडी यांत्रिक पार्किंगच्या ट्रेवर चढवली. लाल दिवा लागला, भोंगा वाजला. पुढे घेतली, मागे घेतली. भोंगा थांबेना. नवं मॉडेल जुन्यापेक्षा पाच सेंटिमीटर लांब होतं आणि ट्रे ते घ्यायला तयार नव्हता.

संध्याकाळी मुकुल पेढे घेऊन राजारामकडे आला. सोसायटीचा सेक्रेटरीही मुकुलच.

"काका, तुमची जागा रिकामीच असते ना?"

"स्कूटर आहे तिथे."

"हो, पण ती... काकू आता... म्हणजे कुणी चालवत नाही ना ती. जिन्याखाली ठेवू. मी कव्हर आणून देतो, ब्रँडेड."

राजारामने पेढ्याचा डबा बंद केला आणि कपाटातून मोजपट्टी काढली. "चल खाली."

गाडीमागे तो उकिडवा बसला, आडवा झाला, खालून हात घालून बघून आला.

"हे मागे काळं प्लास्टिक लावलंय ना, ते सहा सेंटिमीटर बाहेर आलंय. बोल्टवर आहे. दहा मिनिटांत काढतो. गाडी ट्रेवर चढेल."

"काका, तेच तर स्पोर्ट आहे!"

"काय करतं ते?"

"लुक देतं."

"मग लुक रस्त्यावर उभा कर. माझ्या जागेत नको."

मुकुलचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ नोटीस लागली. सहा महिने न वापरलेलं वाहन आठ दिवसांत हलवावं, नाहीतर जागा दुसऱ्या सभासदाला देण्यात येईल.

"काका, वाट लागली," वॉचमन खंडू म्हणाला. "अशी स्कूटर तुमची एकच आहे."

"मला पण वाचता येतं रे."

पुढच्याच पहाटे राजारामने स्कूटर बाहेर काढली. खंडूने मागून धरली. पहिल्या दिवशी तो कुंड्यांवर गेला, तिसऱ्या दिवशी कुंपणावर. कोपर सोललं. बायका गॅलरीतून बघत होत्या. तोल जाईल म्हणून दोन्ही पाय जमिनीवर घासत तो टॉवरला फेऱ्या मारी. मागे बसला की वनमाला ओरडायची, "पाय वर घेवा! नांगर धरलात काय?" आठ महिन्यांत ते पहिल्यांदाच त्याला ऐकू आल्यासारखं झालं. त्याने पाय मात्र खालीच ठेवले.

आठव्या दिवशी कमिटी जागेसमोर उभी होती. जागा रिकामी होती. मुकुल रस्त्यावरच्या कावळ्यांच्या झाडाखालून गाडी घेऊन आत येत होता, आपल्या नव्या जागेत लावायला. चार सेकंदांत शंभरचा वेग घेणारी गाडी. तेवढ्यात मागच्या फाटकातून राजाराम आला. हँडलला दुधाची पिशवी, दोन्ही पाय बाहेर. ब्रेक कुठला ते त्याला ऐनवेळी आठवेना आणि तो थेट जाळीसमोरून आडवा गेला.

गाडी किंचाळली आणि जागच्या जागी थांबली. मुकुलचा पाय अजून ब्रेकवर पोचायचा होता.

"हे काय?" पाय घासत पलीकडे थांबलेल्या राजारामने विचारलं.

"समोर कोणी आलं की आपोआप थांबते," मुकुल घाम पुसत म्हणाला. "यंदाचीच सुधारणा आहे."

"ही चांगली केली बघ," राजाराम म्हणाला.

त्याने स्कूटर ढकलत आपल्या जागेत नेली, स्टँडवर लावली आणि कमिटीच्या वहीत खंडूला स्कूटर वापरल्याची तारीख आणि वेळ लिहायला सांगितली. मुकुलची गाडी मागे मागे जात पुन्हा झाडाखाली गेली. वरून कावळ्याने लगेच तिच्यावर सही केली.

राजारामने चपलेचा घासून पातळ झालेला तळ बघितला. उद्यापासून पाय वर घ्यायला हवे होते.